सामूहिक वनहक्काचा दावा: नमुना 'क' भरण्याआधी आणि भरल्यानंतर

गावाला लागून असलेले जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचा कारभार पाहण्याचा हक्क ग्रामसभेला कायद्याने मिळतो. वनहक्क कायदा, 2006 मधले कलम 3(1)(आय) त्यासाठी आहे. बोलण्यात त्याला सीएफआर (कम्युनिटी फॉरेस्ट रिसोर्स, म्हणजे सामूहिक वनसंपत्ती) किंवा सामूहिक दावा म्हणतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला हा हक्क 2009 मध्ये मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये. यात जमिनीचे तुकडे पडत नाहीत, कुणाच्या नावाने सातबारा निघत नाही, विकणे-गहाण ठेवणे तर नाहीच. जंगल जंगलच राहते. ते कसे वापरायचे आणि कुठे अजिबात हात लावायचा नाही, हे गाव ठरवते.

पहिली चूक नमुन्यातच होते. नमुना 'अ' वैयक्तिक शेतीच्या दाव्याचा. नमुना 'ब' निस्तार (सरपण-लाकडासारख्या घरगुती गरजा), चराई, मासेमारी, गौण वनोपज (तेंदू, डिंक, बांबू असा माल) अशा वापराच्या हक्कांचा. जंगलाच्या राखणीचा आणि व्यवस्थापनाचा दावा नमुना 'क' मध्ये करायचा असतो. हा नमुना 2012 च्या सुधारित नियमांनी आला. अनेक गावांनी फक्त 'ब' भरला आणि जंगल आपल्या ताब्यात आले असे समजून चालले. 'ब' आणि 'क' दोन्ही भरावेत, वेगवेगळे भरावेत. नमुने फुकट मिळतात. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

पात्रता

दावा ग्रामसभेचा असतो, ग्रामपंचायतीचा नव्हे. गटग्रामपंचायतीत पाच गावे असतील तर पाचही गावांच्या ग्रामसभा वेगळ्या. पेसा क्षेत्रातला (आदिवासी स्वशासनाचा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रातला) पाडा किंवा टोली स्वतंत्र गाव म्हणून दावा करू शकते. पंचायतीच्या मुख्यालयी सगळ्यांची मिळून एकच सभा घेऊन केलेला ठराव पुढे हमखास अडतो.

गावात सगळेच आदिवासी हवेत, हा एक पक्का गैरसमज. नमुना 'क' मध्येच लिहिलेले आहे की गावात थोडे अनुसूचित जमातीचे किंवा इतर पारंपरिक वननिवासी (अनुसूचित जमातीचे नसलेले, पण पिढ्यान्‌पिढ्या वनावर जगणारे) असले तरी दाव्याला पुरेसे आहे. यादीत प्रत्येक नावापुढे तो कोणत्या गटातला एवढे लिहायचे. इतर पारंपरिक वननिवासींसाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची अट आहे. पण ती त्या भागातल्या वास्तव्याची आणि वनावर अवलंबून असण्याची अट आहे. अमुक जमीन 75 वर्षे ताब्यात होती हे सिद्ध करा, असे कुणी म्हणाले तर ते लेखी मागावे.

जंगल राखीव असो, संरक्षित असो, अभयारण्यातले असो, गावाची परंपरेने ये-जा असली की दाव्यात येते. आपल्याकडचे, विदर्भातले झुडपी जंगलही (महसुली नोंदीतली खुरट्या झुडपांची जमीन) सोडू नये. ते वनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले आहे.

वनहक्क समिती आणि कोरम

ग्रामसभेने 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची. त्यात किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक-तृतीयांश महिला. 15 जणांची समिती असेल तर 10 आदिवासी, 5 महिला. आदिवासी बाई दोन्हीकडे मोजली जाते. जिथे अनुसूचित जमातीचे कुणी नाही तिथे एक-तृतीयांश महिलांची अट तेवढी राहते. अध्यक्ष-सचिव निवडून उपविभागीय समितीला (ग्रामसभेनंतर दावा जिच्याकडे जातो तिला) कळवायचे. वनविभागाची संयुक्त वनव्यवस्थापन समिती गावात आधीपासून असते, तिलाच वनहक्क समिती समजून काम सुरू करू नये. दोघींचा काही संबंध नाही.

खरी गडबड कोरममध्ये होते. ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. गावात 212 प्रौढ असतील तर 106 जण, त्यात 36 बाया. दाव्याच्या ठरावाला दावेदारांपैकी निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधीही लागतात. सभा मोहफुलाच्या किंवा तेंदूच्या हंगामात ठेवली, तर पहाटेपासून सगळे रानात असतात आणि कोरम भरत नाही. रात्री जेवणानंतर सभा घेतली तर बाया येतात, हा साधा हिशेब आहे. सह्या-अंगठे ठरावाच्याच पानावर घ्या. नुसते "सर्वानुमते मंजूर" लिहिलेले आणि हजेरी दुसऱ्या वहीत असलेले ठराव परत आले आहेत.

ग्रामसभेने दावे मागवल्यापासून मुदत 3 महिन्यांची. कारण नोंदवून ती वाढवता येते.

शीव: इथेच दावा जिंकतो किंवा हरतो

नकाशा कार्यालयात बसून काढला तर तो वनविभागाच्या कक्षांचा (वनविभागाने जंगलाचे पाडलेले क्रमांकित भाग) नकाशा होतो, गावाचा होत नाही. शीव पायी फिरावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेली असते, नाले उतरता येतात, दूरवर दिसते. सोबत गावातली दोन-तीन म्हातारी माणसे, गुराखी आणि मोहाची झाडे ओळखणाऱ्या बाया हव्यात. पुरुषांना शीव ठाऊक असते. पण डिंक, चारोळी, कंद नेमके कुठवर वेचायला जातो, हे बायांना जास्त नेमके ठाऊक असते, आणि वापराचा पुरावा तोच.

प्रत्येक वळणावर थांबून खूण नोंदवा: नाल्याचा संगम, दगडांची रास, देवाचे झाड, जुनी बोडी (लहान तळे), पूर्वीचे गाव उठले ती जागा, मसणवट. मोबाइलमधल्या जीपीएसने अक्षांश-रेखांश टिपताना एका जागी मिनिटभर थांबा. दाट झाडीत आकडा काही मीटर सरकतो. वहीत खुणेचे गावातले नाव, आकडे आणि फोटोचा क्रमांक एकाच ओळीत लिहा. कक्ष क्रमांक माहीत असतील तर टाका, नसतील तर दावा अडत नाही. नमुन्यात "असल्यास आणि माहीत असल्यास" असेच आहे.

शेजारच्या गावाला आधी न कळवता शीव आखली की भांडण ठरलेले. नमुना 'क' मध्ये सीमेवरच्या गावांची नावे लिहायची असतात; एखाद्या पट्ट्यात दोन्ही गावांची गुरे चरत असतील, तर वापर आणि राखण कशी वाटून घेणार हेही तिथेच नोंदवता येते. फिरण्याच्या दिवशी शेजारच्या समितीला बोलवा आणि त्यांची लेखी संमती जोडा. वाद झालाच तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचे. तरी मिटले नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. ते तिथवर गेले की वर्षे जातात. दोन्ही गावांच्या पाटलांनी आणि सभांनी एका झाडाखाली मिटवलेले बरे.

पडताळणीच्या दिवसाची वनविभाग आणि महसूल विभागाला लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. त्यांनी हजर राहून, पद आणि तारखेसह सही करायची असते. ते आले नाहीत आणि मागाहून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत, तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून पोच पावती नकाशाइतकीच जपावी.

जोडायचे कागद

वनहक्क नियमांतल्या नियम 13 प्रमाणे एकाहून जास्त पुरावे हवेत. दोन भक्कम असले तरी भागते. विदर्भातल्या गावांच्या हातात एक चांगला कागद असतो, तो म्हणजे निस्तार पत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधली कलमे 161 ते 167 फक्त विदर्भाला लागू आहेत. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावातल्या रूढ वहिवाटींची नोंद) त्यांतच येतात. गुरे कुठे चरायची, सरपण-लाकूड कुठून आणायचे, हे निस्तार पत्रकात असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. त्यासोबत:

- भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा, तलाठ्याकडून गाव नमुना 1-अ, म्हणजे वनजमिनींची नोंदवही
- वनविभागाच्या कार्ययोजनेतला (जंगलात कुठे, केव्हा काय कामे करायची याचा आराखडा) त्या क्षेत्राचा भाग
- दावेदार सोडून इतर वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब
- देवस्थान, बोडी, जुनी विहीर, मसणवट यांचे फोटो, नकाशातल्या खुणेच्या क्रमांकासह
- मतदारयादी आणि ग्रामसभा सदस्यांची गटनिहाय यादी

"नकाशे मिळत नाहीत" ही तक्रार जुनी आहे. वन व महसूल नकाशे आणि मतदारयादी ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे काम आहे, आणि लेखी मागणी केल्यास संबंधित कार्यालयाने प्रमाणित प्रत द्यायलाच हवी. तोंडी मागू नका. उपग्रह चित्र पूरक म्हणून चालते, पण ते नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

दाव्याचा पुढचा प्रवास

पानांना क्रमांक टाकून फाइल उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे द्या. पूर्ण प्रत गावात ठेवा. तिथून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाते. पुरावा अपुरा वाटला तर समितीने दावा परस्पर न फेटाळता कारणांसह ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. फेटाळला किंवा क्षेत्र कापले तर सकारण लेखी आदेश हवा. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे 60 दिवसांत जाता येते. अनुसूचित क्षेत्रात, 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार, जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील आहे.

हक्कपत्र हातात आले की लगेच तीन गोष्टी तपासा: हेक्टर दाव्याशी जुळतात का, कक्ष सुटले का, आणि अटी घातल्या आहेत का. सामूहिक वनसंपत्तीच्या हक्कपत्राच्या नमुन्यातच कायदा व नियमांपलीकडे अट नाही असे छापलेले आहे. "कार्ययोजनेच्या अधीन राहून" वगैरे ओळ दिसली तर सही-शिक्क्याच्या आनंदात ती सोडू नका, दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. हक्काची नोंद महसूल व वन अभिलेखात जास्तीत जास्त 3 महिन्यांत व्हायला हवी. तलाठ्याकडे विचारत राहिल्याशिवाय ती होत नाही.

मग ग्रामसभेने व्यवस्थापन समिती नेमून आराखडा करायचा: कुठला पट्टा चराईला बंद, कुठला बांबू कुठल्या वर्षी, वणव्याची जाळरेषा कोण काढणार. पाचगावने तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आग लावली जाते. त्यांनी बांबूवर भर दिला. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने 193 हेक्टरवर राखण केली आणि सीताफळ विकले. बांबू किंवा इतर गौण वनोपज बाहेर नेताना वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीचाच चालतो, आणि स्वामित्वशुल्क लागत नाही. परवानापुस्तकावर क्रमांक, माल, वजन किंवा नग, गाडी नंबर आणि तारीख हवीच. दुसरी प्रत पुस्तकातच राहू द्या, कारण नाक्यावर गाडी अडली की पहिला फोन तिच्यासाठीच येतो.