कोलॅजन-विघटक विकरे आणि रोहिणीतील अस्थिर प्लाक

कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे तुकडे करणाऱ्या विकरांना कोलॅजन-विघटक विकरे म्हणतात. मानवी शरीरात हे काम मुख्यतः मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज (एमएमपी) या कुळातील विकरे करतात व त्यांच्या क्रियास्थानी जस्ताचा आयन असतो. बेडकाच्या पिल्लाची शेपटी वाढीच्या ओघात नाहीशी होते, त्या ऊतीत असे विकर असल्याचे जेरोम ग्रॉस व शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये दाखवले.

कोलॅजनच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या असल्याने बहुतेक प्रथिनविघटक विकरांची त्याच्यावर मात्रा चालत नाही. एमएमपी-१, ८ आणि १३ ही विकरे मात्र हा पीळ एका ठरावीक जागी तोडतात. रेणूचे तीन-चतुर्थांश व एक-चतुर्थांश असे दोन भाग होतात, शरीराच्या तापमानाला त्यांचा पीळ सुटतो आणि उरलेले काम एमएमपी-२ व ९ उरकतात. ही विकरे निष्क्रिय रूपात स्रवतात आणि टिंप नावाची चार प्रथिने त्यांना आवर घालतात. जखम भरताना किंवा हाडांची घडण होताना हा तोल सांभाळला जातो.

रोहिणीच्या भित्तीत मेद साचून तयार होणाऱ्या थरात, म्हणजे प्लाकमध्ये, तो बिघडतो. प्लाकच्या मेदयुक्त गाभ्यावर कोलॅजनचे आवरण असते आणि ते गुळगुळीत स्नायुपेशी विणतात. मेद गिळून फुगलेल्या महाभक्षी पेशी एमएमपी स्रवून हे आवरण कुरतडतात, तर प्रतिकारसंस्थेच्या टी-पेशींमधून येणारे इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्नायुपेशींना नवे कोलॅजन बनवू देत नाही. म्हणजे झीज वाढते आणि डागडुजीही थांबते. झोरिना गॅलिस, पीटर लिबी व सहकाऱ्यांना १९९४ मध्ये मानवी प्लाकच्या कडांशी, जिथे आवरण बहुधा फाटते तिथेच, ही विकरे वाढलेली आढळली. ६५ मायक्रोमीटरपेक्षा पातळ आवरण धोक्याचे मानतात. ते फाटले की गाभ्यातील ऊतक घटक (रक्त गोठण्याची क्रिया सुरू करणारे प्रथिन) रक्ताच्या संपर्कात येतो आणि गुठळी होते.

पुण्यात अँजिओग्राफीचा रिपोर्ट हाती पडला की घरच्यांचा पहिला प्रश्न ‘ब्लॉक किती टक्के?’ असा असतो. प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. टक्केवारी वाहिनी किती अरुंद झाली एवढेच सांगते, आवरण किती पातळ झाले ते सांगत नाही. निम्म्याहून कमी अडथळा असलेला प्लाक फुटूनही हृदयविकाराचा झटका येतो आणि त्याआधीची स्ट्रेस टेस्ट नॉर्मल असू शकते. बाहेरून दिसणारा आकडा फसवा ठरण्याचा असाच प्रकार पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी वेगळ्या संदर्भात, ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये मांडला: दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. मेदऊतीतून टीएनएफ-अल्फासारखे दाहकारक रेणू स्रवतात आणि हाच रेणू पेशींकडून एमएमपीची निर्मिती वाढवतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

आवरणाची जाडी रोहिणीत तंतू सारून प्रकाशाच्या साहाय्याने करायच्या ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी या तपासणीने मोजता येते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी आवरण जाड होते, असे या तपासणीत दिसले आहे. थेट एमएमपी रोखण्याचे प्रयत्न मात्र फारसे फळले नाहीत. कर्करोगासाठी तपासलेल्या मॅरिमास्टॅट या एमएमपी-रोधक औषधाने रुग्णांचे सांधे दुखू लागले. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २० मिलिग्रॅमची अल्प मात्रा एमएमपी रोखण्यासाठी वापरली जाते, पण ती हिरड्यांच्या विकारात. शिवाय सर्व झटके आवरण फाटूनच येतात असे नाही. काहींमध्ये आवरण शाबूत असते आणि फक्त वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी झडल्याने गुठळी धरते.