ओढ्याचं पाणी आणि डोळ्यांची कसोटी

राजगडाच्या पद्मावती माचीवर पोचेपर्यंत बाटली रिकामी झालेली असते. मग हमखास कुणीतरी म्हणतं, 'शिवकाळापासून लोक इथलंच पाणी पितायत की!' खरं आहे. पण गडावर आधी पाणी बघावं, नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत आणि ते पाणी जतन करावं, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावलेलं आहे. आज त्या टाक्यांवर पहारा नाही, आणि वाटेतल्या ओढ्यावर तर तो कधीच नव्हता.

पाणी ओळखण्याची जुनी कसोटी डोळ्यांची. गढूळ असेल तर निवळीची बी माठाला आतून घासायची. थोड्या वेळात गाळ तळाशी बसतो. सुश्रुतसंहितेत हीच बी 'कतक' नावाने येते. पुढे तुरटीही हेच काम करू लागली. घरोघरी पाणी चार पदरी फडक्यातून गाळलं जाई. हे अडाणीपण नव्हतं. बांगलादेशात घडी केलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास निम्म्यावर आल्याचं २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण निम्मा उरलाच ना!

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला १८८४मध्ये कलकत्त्याच्या एका तलावात कॉलऱ्याचे जंतू सापडले आणि डोळ्यांची कसोटी अपुरी ठरली. पाणी निवळणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. १८९०च्या दशकात आग्र्याचा जंतुशास्त्रज्ञ हँकिन जंतू मारायला विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायला लागला. १९०८मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात कायमचं क्लोरीन सुरू केलं, तर पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या हाती क्लोरीनच्या गोळ्या आल्या. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि ट्रेकच्या सॅकमधली गोळी, दोन्ही याच घराण्यातल्या.

पण निवळीचं शहाणपण इथेही लागतंच. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून पावसाळ्यात आधी फडकं, मग गोळी, मग निदान अर्धा तास थांबायचं. तहानेपुढे हा अर्धा तास फार मोठा वाटतो, मला ठाऊक आहे. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि अनेकांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातूनही पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, तेव्हापासून मी तो चुकवत नाही.

गुरांच्या शेणातून येणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाही. वरच्या अंगाला म्हशी डुंबत असतील, तर स्टोव्ह पेटवायचा. फार उंचावर पाणी जास्त वेळ उकळावं लागतं, पण महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच कळसूबाईची उंचीही १६४६ मीटरच, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत कुठेही खळखळून एक मिनिट उकळलं की पुरतं.