तापायला शिकवलेलं प्लास्टिक

मे महिन्यात खारघर स्टेशनबाहेर सकाळी लावलेली स्कूटर दुपारी दोनला काढणाऱ्याला वेगळं सांगायला नको. काळ्या सीटवर रुमाल टाकल्याशिवाय बसवत नाही. शेजारच्या गाडीचं पांढरट सीट मात्र त्याच उन्हात बरं असतं. काळा रंग येईल तो प्रकाश गिळतो आणि त्याची उष्णता करून टाकतो.

याच स्टेशनवरून रोज कितीतरी पेशंट रिक्षाने 'टाटा'ला, म्हणजे सेक्टर २२मधल्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्राला जातात. त्यांच्या आजाराशी या सीटचा संबंध असा, की केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढं 'सीट', म्हणजे एक बारीक कण, कॅन्सरच्या गाठीत पोचवून वर प्रकाश टाकला तर गाठ आतून भाजता येईल का, हे जगात अनेक प्रयोगशाळा तपासत आहेत.

पण शरीराच्या आत ऊन पडत नाही. रात्री लाइट गेले की मोबाइलचा टॉर्च बोटांखाली धरून पाहा, बोटं लालभडक दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, लाल तेवढा पार होतो. लालच्या थोडं पलीकडे, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, रक्त आणि पाणी दोन्ही त्यातल्या त्यात कमी आडवे येतात. म्हणजे आपलं सीट नेमकं याच रंगांसाठी 'काळं' हवं.

बादलीचं प्लास्टिक मुळात बिनरंगी, रंग वरून मिसळलेला. काही पॉलिमर (प्लास्टिकचे साखळीसारखे लांब रेणू) मात्र वेगळे असतात. त्यांच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका अणूशी बांधलेले न राहता साखळीभर फिरतात. असं प्लास्टिक वीज वाहू शकतं हे शिराकावा, मॅकडायरमिड आणि हीगर यांनी १९७७मध्ये दाखवलं, २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हेच भटके इलेक्ट्रॉन प्रकाशही शोषतात. साखळीत इलेक्ट्रॉन देऊ पाहणारा आणि ओढून घेणारा असे दोन घटक एकाआड एक गुंफले, की शोषला जाणारा रंग अवरक्ताकडे, म्हणजे लालच्या पलीकडे, सरकतो. तबल्याचे गठ्ठे ठोकून सूर लावावा, तसं रसायनतज्ज्ञ घटक बदलून रंग लावतात.

शोषलेल्या ऊर्जेला मग दोन वाटा: पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडणं, नाहीतर रेणूच्या थरथरीत जिरून उष्णता होणं. टीव्हीच्या पडद्यासाठी पॉलिमर घडवणाऱ्यांना दुसरी वाट म्हणजे निव्वळ तोटा. इथे तोच तोटा हवा असतो. म्हणून साखळीला गरगर फिरू शकणारे सैल तुकडे मुद्दाम जोडतात.

मला यातली सर्वांत आवडती गोष्ट ही, की त्याच उष्णतेतून फोटोही मिळतो. काही नॅनोसेकंदांचा लेझरचा झटका दिला की कण अंशाच्या हजाराव्या भागाएवढा तापतो, किंचित फुगतो, आणि त्या फुगण्याचा आवाज होतो. प्रकाशातून आवाज निघतो हे टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलला १८८०मध्येच लक्षात आलं होतं. हा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही, सोनोग्राफीसारखा प्रोब तो टिपतो. शरीरात प्रकाश जितका विखुरतो तितका आवाज विखुरत नाही, त्यामुळे काही सेंटिमीटर खोलवरचं चित्र मिळू शकतं. झटके दिले तर तपासणी, सलग प्रकाश दिला तर उपचार. ४२-४३ अंशांवर बराच वेळ ठेवलेल्या पेशी खचतात, पन्नाशीपुढे काही मिनिटांत मरतात.

कण बनवणं त्यामानाने सोपं. पाण्याशी वैर असलेला पॉलिमर सेंद्रिय द्रावकात विरघळवून जोरात ढवळलेल्या पाण्यात सोडला, की साखळ्या आपोआप गुंडाळून गोळा होतो. वर पॉलिइथिलिन ग्लायकॉलचं वेष्टण. (हो, बद्धकोष्ठतेच्या पावडरीत असतं तेच.)

खरी मारामारी पोचवण्याची आहे. साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून भराभर निघून जातात. त्याहून बरेच मोठे असले तर यकृत आणि प्लीहा त्यांना अडवून ठेवतात. आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग चाळून २०१६मध्ये एक हिशोब मांडला गेला: टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचले साधारण ०.७ टक्के, म्हणजे हजारातले सात. उरलेल्यांचं काय? ते शरीरात साचून राहू नयेत म्हणून आता साखळीत असे दुवे घालतात, जे शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींची रसायनं तोडू शकतील.

सोन्याचं कवच असलेले कण माणसांपर्यंत पोचले आहेत. प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरचे निष्कर्ष २०१९मध्ये आले, आणि तिथेही लेझर त्वचेवरून नव्हे, तर बारीक तंतूमधून थेट ग्रंथीत नेला होता. पॉलिमरचे कण अजून मुख्यतः उंदरांत आहेत. उंदराची गाठ कातडीखालीच असते, माणसाच्या यकृतातली हातभर आत वाटावी इतकी दूर. शिवाय ८०८ नॅनोमीटरच्या लेझरची त्वचेसाठीची सुरक्षित मर्यादा चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३३ वॅट आहे आणि उंदरांवरच्या कितीतरी प्रयोगांत १ वॅट वापरलेला असतो. त्यामुळे असा शोधनिबंध हाती आला की गाठ किती अंशांपर्यंत तापली हे मी नंतर बघते, आधी लेझर किती वॅटचा होता ते शोधते.