अडत्या नेमका कोणाचा?

मालक आणि त्याच्या वतीने व्यवहार करणारा प्रतिनिधी यांचे नाते १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या दहाव्या प्रकरणात, कलम १८२ पासून पुढे, बांधून दिलेले आहे. बाजारात मात्र ‘अडत’ (दुसऱ्यासाठी मालाचा सौदा करण्याचा धंदा, आणि त्याबद्दलची दलालीही) या एकाच शब्दाखाली दोन निराळी नाती चालत आली, आणि शेतमालाच्या अडतीवरून आज होणाऱ्या वादाचे मूळ बऱ्याच अंशी या शब्दातच आहे.

कच्च्या अडतीत अडत्या हा खरा प्रतिनिधी असतो. तो दोन पक्षांचा व्यवहार जुळवतो आणि आपली अडत घेतो. पक्क्या अडतीचे तसे नाही. बाहेरगावच्या गिऱ्हाइकासाठी मुंबईत सौदा करणारा पक्का अडत्या पूर्ततेची हमी स्वतः देतो, तिऱ्हाइताशी गिऱ्हाइकाचा करार जोडत नाही आणि हवे तर सौदा आपल्याच खाती ठेवतो. हा रिवाज १९०५ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने मान्य केला आणि असा अडत्या गिऱ्हाइकापुरता करारातला समोरचा पक्षच आहे, असे ठरवले; पुढे लंडनमधील अंतिम अपिलातही तोच दृष्टिकोन टिकला. वास्तविक मालकाच्या संमतीवाचून प्रतिनिधीने स्वतःच्या खाती व्यवहार केला आणि त्यात महत्त्वाची गोष्ट लबाडीने दडवली किंवा मालकाचे नुकसान झाले, तर कलम २१५ प्रमाणे मालकाला तो नाकारता येतो. रिवाज मान्य झाल्याने ही संमती जणू आधीच गृहीत धरली गेली. बाजारभाव जाणणाऱ्या दोन व्यापाऱ्यांमध्ये हे चालून जाते. पहाटे टेम्पोतून भाजी पाठवणाऱ्या शेतकऱ्याला ते लावणे अन्यायाचेच होय.

महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याखालील व्यवहारात अडत्या शेतकऱ्याच्या वतीने माल विकतो, म्हणून हिशेबपट्टीतून अडत शेतकऱ्याचीच कापली जाई. परंतु हंगामाआधी उचल देणारा प्रतिनिधी व्यवहारात सावकार होऊन बसतो. डिसेंबर २०१४ मध्ये अडत खरेदीदाराकडून घेण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच स्थगित झाला. जुलै २०१६ च्या अध्यादेशाने फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदारावर टाकली, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. पैसे खरेदीदार देणार, तर अडत्याही त्याचाच झाला, असा युक्तिवाद यानंतर सहज करता येतो. तो टिकणारा नाही, कारण प्रतिनिधी नेमण्यासाठी मोबदला आवश्यक नाही, असे करार कायद्याचे कलम १८५ सांगते. त्यामुळे अडत कोणीही भरली, तरी त्याच कायद्याच्या कलम २१३ खाली अडत्याकडे हिशेब मागण्याचा शेतकऱ्याचा हक्क कायम राहतो.