छताचं कोटिंग निवडण्याआधी खडू घेऊन वर जा

पाऊस थांबून दोन दिवस झाले की इमारतीच्या सपाट छतावर खडू घेऊन एक फेरी मारावी. जिथे अजून पाणी दिसेल, तिथे त्याच्या कडेनं रेघ ओढावी. पाणी आटलं असेल तर त्या जागी बारीक गाळाचा थर दिसतो, वाळून भेगा पडलेला, कडेला हिरवट काळी शेवाळाची रेघ असलेला. तीही जागा आखून ठेवावी. गोदाम असो, कार्यालय असो की मोठं दुकान, त्याच्या छताला कोणतं कोटिंग, म्हणजे पाणी आणि ऊन अडवणारा लेप, लावायचं याचं निम्मं उत्तर मला या रेघांमध्ये दिसतं. माहितीपत्रकं त्यानंतर उघडावीत.

छताच्या कामात ४८ तासांचा हिशेब रूढ आहे. पाऊस संपल्यावर एवढ्या वेळानंतरही जे हटत नाही, ते साचलेलं पाणी. त्याचं वजन आपल्या लक्षात येत नाही. एका चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाणी म्हणजे २५ किलो, आणि शंभर चौरस मीटरचं डबकं म्हणजे अडीच टन. छत हलकं असेल तर या भारानं ते आणखी किंचित वाकतं, खोलगटपणा वाढतो आणि पुढच्या पावसात डबकं मोठं होतं.

अशा पाण्याखाली कोटिंगचं काय होतं ते समजायला ॲक्रिलिक या प्रकारचं कोटिंग कसं वाळतं हे बघावं लागेल. डब्यातलं ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना भिडतात, मिसळतात आणि त्यांचा सलग पडदा तयार होतो. पण कण पाण्यात तरंगत राहावेत म्हणून त्यात पाण्याशी जवळीक असलेले पदार्थ घातलेले असतात आणि पडदा वाळल्यावरही ते आतच राहतात. पावसाचं पाणी वाहून गेलं तर काही बिघडत नाही. तेच पाणी आठवडेच्या आठवडे उभं राहिलं तर पडदा ते शोषतो, फुगतो, मऊ पडतो, खालची पकड सोडतो आणि मग पोपडे सुटतात. म्हणून खडूच्या रेघांच्या आत साधं ॲक्रिलिक लावू नये. चांगला उतार असलेल्या पत्र्याच्या छतावर मात्र ते उत्तम काम करतं. ते उन्हात टिकतं आणि काही वर्षांनी त्याच्यावरच नवा हात देता येतो.

पाणी साचतच असेल आणि उतार सुधारणं शक्य नसेल, तर सिलिकॉनचं कोटिंग. त्याच्या टिकाऊपणाचं कारण त्याच्या कण्यात, म्हणजे रेणूंच्या मुख्य साखळीत आहे. सूर्यप्रकाशातल्या ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांची ऊर्जा प्रति मोल सुमारे ४०० किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३५० किलोज्यूल पुरतात, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ४५० लागतात. अर्थात किरण शोषला गेला तरच तो बंध तोडू शकतो. ॲक्रिलिकचा कणा कार्बनचा असूनही ते उन्हात टिकतं, कारण सूर्याचे अतिनील किरण ते फारसे शोषतच नाही. उलट पॉलियुरेथेन या तिसऱ्या कोटिंगच्या ॲरोमॅटिक प्रकारातली बेंझिनची वलयं हे किरण शोषून घेतात, आणि तो थर पिवळा पडून पुढे त्याची भुकटी सुटते. त्यामुळे पॉलियुरेथेनचं काम नीट करायचं तर ॲरोमॅटिक खाली आणि अशी वलयं नसलेलं, उन्हाला तोंड देणारं ॲलिफॅटिक वर, असे दोन थर देतात. छतावर वातानुकूलन यंत्रं असतील आणि दुरुस्तीला माणसांची सतत ये-जा असेल, तर त्या वाटांवर पॉलियुरेथेनच लावावं. घासणं आणि आपटणं ते बाकीच्या दोघांपेक्षा चांगलं सोसतं.

सिलिकॉन घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. त्याच्यावर सिलिकॉनखेरीज जवळपास काहीच चिकटत नाही. आज ते लावलं की दहा-पंधरा वर्षांनंतरची निवडही आजच करून टाकल्यासारखी आहे. शिवाय ते ओलं झालं की धोकादायक निसरडं होतं आणि धूळ धरून ठेवतं.

धुळीचा मुद्दा थेट उष्णतेशी जोडलेला आहे. निरभ्र दुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. काळं छत तिच्यातली बहुतेक गिळतं आणि त्याचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. नवं पांढरं कोटिंग सुमारे ८० टक्के ऊर्जा परतवतं. हे काम त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांचं, प्रकाश विखरून टाकण्याचं. पण धूळ, काजळी आणि शेवाळ बसलं की हा आकडा बराच उतरतो. म्हणून विक्रेत्याला नव्या कोटिंगचा आकडा विचारून थांबू नका, तीन वर्षं उघड्यावर राहिलेल्या नमुन्याचा मागा. नुसतं परावर्तनही पुरेसं नाही. नवा चकचकीत जस्ताचा पत्रा निम्म्याहून अधिक ऊन परतवतो, तरी भर दुपारी त्याला हात लावून ठेवता येत नाही. उघडा धातू शोषलेली उष्णता किरणांच्या रूपानं बाहेर टाकायला फार कंजूष असतो. त्याच पत्र्यावर पांढरा थर दिला की परावर्तन वाढतं आणि उष्णता बाहेर टाकणंही सुधारतं. मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या थराला कुणी ‘इन्सुलेशन’ म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. उष्णतेचा प्रवाह अडवायला जाडी लागते. आणि जिथे वर्षाचे बरेच महिने इमारत तापवावी लागते, तिथे पांढऱ्या छताचा फायदा कमी होतो.

पत्र्याचं छत हलतंही. तीस मीटर लांबीचा पोलादी पत्रा ५० अंशांच्या फरकानं सुमारे १८ मिलिमीटर लांबतो, आणि हा सगळा ताण सांधे आणि स्क्रू यांच्यापाशी गोळा होतो. गळती बहुतेक वेळा अशाच जागी सुरू होते: सांधे, पाइपांची बुडं, कठड्याचा कोपरा, पाण्याच्या निचऱ्याचं तोंड. तिथे कोटिंगमध्ये कापडाची पट्टी बसवून थर जाड करावा लागतो. मधल्या मोकळ्या भागाची काळजी त्यामानानं सोपी.

छताच्या पोटात आधीच ओल असेल तर सगळंच फुकट जातं. वर पडदा ओढला की आतलं पाणी उन्हात वाफ होऊन त्याला ढकलतं आणि फुगे येतात. असा फुगा चाकूनं कापून बघा, आतली बाजू बहुधा ओलसर लागेल. दिवसभर ऊन पडल्यावर संध्याकाळी उष्णता टिपणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्यातून छत पाहिलं तर भिजलेलं इन्सुलेशन उजळ दिसतं, कारण पाणी उष्णता उशिरा सोडतं. तेवढा भाग काढून बदलायचा, मगच कोटिंगचं बोलायचं.

दरपत्रकं तपासताना जाडी बघा. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर ओला थर. डब्यात आकारमानानं निम्माच घन भाग असेल तर वाळल्यावर उरतो अर्धा मिलिमीटर. स्वस्त वाटणारा देकार पुष्कळदा फक्त पातळ असतो. दोन हात वेगवेगळ्या छटांचे द्यायला सांगा, म्हणजे सुटलेली जागा लपत नाही.

सगळं ठरल्यावरही पूर्ण छत एकदम रंगवू नका. एका कोपऱ्यात जागा धुऊन, वाळवून, कोटिंगमध्ये कापडाची पट्टी दाबून बसवा आणि तिचं एक टोक मोकळं सोडा. कोटिंग पूर्ण पक्कं झाल्यावर, आठवडा-दोन आठवड्यांनी, ते टोक धरून पट्टी ओढा. कोटिंग स्वतःच फाटलं आणि त्याचा थर छतालाच चिकटून राहिला तर पकड चांगली. पट्टीबरोबर सगळं स्वच्छ सुटून आलं तर प्रायमर, म्हणजे कोटिंगखालचा पकड देणारा थर, बदलून दुसरा कोपरा धरा.