कवायतीपासून डावापर्यंत : सीमाभागातल्या शाळांमधल्या खेळाच्या तासाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळांमध्ये खेळाच्या तासाला अजूनही 'पी.टी.चा तास' म्हणतात. रांग धरा, हातभर अंतर घ्या, सावधान, विश्राम. लहान मुलांना एकमेकांशी बोलायला, ऐकून घ्यायला, मिळून काम करायला शिकवायचं तर मैदानासारखी जागा नाही, हे आज सगळे मान्य करतात. पण आपल्याकडे त्याच तासाला कित्येक पिढ्या तोंड मिटून उभ्या राहिल्या. हे कसं झालं ते पाहायला जवळजवळ दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या १८८२ च्या हंटर आयोगाने शाळांत शरीर कमावण्यासाठी देशी खेळ, जिम्नॅस्टिक्स आणि कवायत या तिन्हींची शिफारस केली होती. प्रत्यक्षात शाळांच्या अंगवळणी पडली ती कवायत. तिला साहित्य लागत नाही, आणि एक माणूस शंभर पोरं सांभाळू शकतो. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले लोक मिळत. बेळगाव तर छावणीचंच गाव. १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र इथे आहे आणि आसपासच्या गावांतली अनेक घरं फौजेशी जोडलेली आहेत. त्यामुळे कवायतीला इथे जो मान मिळाला तो मनापासूनचा होता, आणि मीही तिला कमी लेखणार नाही. ताठ उभं राहणं, वेळ पाळणं, सगळ्यांबरोबर पाऊल टाकणं, यांतून मुलं घडतात. मात्र कवायतीत बोलणारा एकच असतो. सहा-सात वर्षांच्या पोराला दुसऱ्याला काही सांगायचं, विचारायचं, पटवायचं असतं. त्याला तिथे वाव नाही.

दुसरा प्रवाह आला तो स्वातंत्र्य चळवळीतून. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. ते उभं करण्याची धुरा हुदलीच्या गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती, तर मंडपातली शिस्त डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. संचलन इथेही होतंच, पण हुकूम झेलण्यापलीकडचं काम त्यात होतं. रांगा लावायच्या, पाणी पोचवायचं, हरवलेल्याला शोधायचं, म्हणजे सतत माणसांशी बोलायचं. पुढे ४ जून १९४१ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने हे वळण मुलांच्या शाखेत आणलं. खेळ, गाणी आणि मंडलात बसून गप्पा. मुलगे आणि मुली एकत्र खेळत, हे त्या काळी मोठंच धाडस होतं.

सरकारी पातळीवरही हालचाल सुरू झाली होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमलं गेलं आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षक तयार करणारी संस्था निघाली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. खो-खो, हुतूतू, लंगडी यांना शाळेच्या मैदानावर हक्काची जागा मिळाली ती याच सुमाराला. खो-खोचे नियम तर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्येच बांधायला घेतले होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ती जखम आजही भरलेली नाही. इथे सांगायचं ते एवढंच की मराठी शाळांचं खातं बदललं, पुस्तकं बदलली, शिक्षकांच्या नेमणुकांचे नियम बदलले, मैदानावरचे खेळ मात्र बदलले नाहीत. चंदगडच्या बाजूला जी लगोरी, तीच खानापूरच्या बाजूला, आणि तीच कन्नड शाळेच्या आवारातही.

खरा ठेवा गल्लीत होता. विटी-दांडू, लगोरी, आट्यापाट्या, डबा ऐसपैस. यांतला कोणताही खेळ सुरू होण्याआधीच निम्मं शिक्षण होऊन जायचं. भिडू वाटून घ्यायचे, राज्य कुणावर ते चकून ठरवायचं, हद्द कुठवर ते भांडून ठरवायचं. मोठं माणूस मध्ये नसायचं. रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी भिडू म्हणून घेत नसे, ही शिक्षा पुरेशी असे. आणि धाकटं भावंड मागे लागलं की ते 'कच्चं लिंबू'. त्याने पळायचं, ओरडायचं, पण ते बाद होत नाही. लहानग्याला खेळाबाहेर न ठेवता खेळात वाढवायची ही रीत मुलांनीच पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. मला यापेक्षा शहाणी युक्ती कुठल्या शिक्षक-पुस्तिकेत दिसलेली नाही.

खो-खो बारकाईने पाहा. आठ जण एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. उठलेल्याला मागे फिरता येत नाही आणि बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की आपण थांबून त्या बाजूला तोंड असलेल्याला खो द्यायचाच. म्हणजे कितीही चपळ पोर असलं तरी एकट्याने गडी बाद करणं कठीण. दुसरीतली मुलं पहिल्यांदा खेळतात तेव्हा हमखास दोन गोष्टी होतात. कुणी खो मिळायच्या आधीच उठतं, आणि कुणी पाठीला हात लावतं पण तोंडाने खो म्हणत नाही, मग बसलेलं पोर वळून नुसतं बघत राहतं. दोन-चार डाव असे फुकट गेले की आवाज आपोआप मोठा होतो. वर्गात तोंड न उघडणारी मुलगीही इथे ओरडते, कारण तिच्या ओरडण्यावर दुसऱ्याचं उठणं अवलंबून असतं.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. बेळगावच्या एकाच गल्लीत घरी मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी मुलं असतात. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात तीच शेजारी-शेजारी बसतात. नवं आलेलं पोर शेजाऱ्याची भाषा शिकायच्या आधी लगोरीत सामील होतं आणि 'मार', 'पळ', 'इकडे टाक' हे दोन्ही भाषांत महिनाभरात बोलायला लागतं. मोठ्यांचे मोर्चे आणि बंद चालू असतानाही मैदानावर हे चालत आलं आहे, आणि ते जपलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात 'नली-कली' सुरू झाली. गाणी, गोष्टी, खेळ आणि वेगवेगळ्या इयत्तांची मुलं गटाने एकत्र, अशी ती पद्धत. २००९-१० पासून ती राज्यभरच्या कन्नड शाळांच्या खालच्या वर्गांत नेण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळावर आधारलेलं असावं असं म्हटलं. कर्नाटकाने २०२३ मध्ये स्वतःचं शैक्षणिक धोरण आखण्यासाठी सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धोरण कुठलंही लागू होवो, खेळाचं महत्त्व आता कागदावर वादाचं राहिलेलं नाही.

अडचण शाळेच्या आवारात आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या लहान शाळांत एक-दोन शिक्षकच सगळे वर्ग सांभाळतात. खेळाचा वेगळा शिक्षक नसतो. परीक्षा जवळ आली की पहिला बळी पी.टी.च्या तासाचा. क्लस्टर (आसपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा अशा स्पर्धा असतात त्या मोठ्या मुलांच्या, आणि पहिली ते तिसरीची मुलं कडेला बसून टाळ्या वाजवतात. दुसरीकडे, पटसंख्या कमी असल्याने सगळ्या वयाची मुलं एकत्र खेळवावीच लागतात. तिथे कच्च्या लिंबाची रीत शिक्षकांच्याही कामी येते. जुनी चादर चारी बाजूंनी धरून तिच्यावर चेंडू तोलायचा खेळही तिथे छान रंगतो. कुणी आधी उचललं की चेंडू पडतो, म्हणून 'थांब', 'आता', 'हळू' हे कुणीतरी म्हणावंच लागतं, आणि ते कोण म्हणणार हे मुलांनाच ठरवावं लागतं.

अनुभवी गुरुजी आणि बाई डाव संपल्यावर मुलांना जागेवरच बसवतात आणि दोन मिनिटं विचारतात : चेंडू कुठे सुटला, कुणी कुणाला सांगायला हवं होतं? उत्तर मुलं देतात, शिक्षक ऐकतात. खेळाच्या तासातला हाच भाग घंटा झाली की सर्वांत आधी गळतो. एस.डी.एम.सी.च्या, म्हणजे शाळेचा कारभार पाहणाऱ्या पालकांच्या समितीच्या बैठकीत पालकांनी मैदानाची दुरुस्ती आणि चेंडू मागावेत तसं वेळापत्रकात या दोन मिनिटांसाठीही जागा मागावी.