कंपवातातील बोधनिक प्रशिक्षण

कंपवात (पार्किन्सन्स) झालेल्या माणसाचे लक्ष, विचाराचा वेग, कामाची आखणी आणि आठवण शाबूत राहावी, जमल्यास सुधारावी म्हणून ठरवून करून घेतलेला सराव. बोलण्यात याला ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणतात. तो औषधाच्या जोडीने करायचा असतो, औषधाऐवजी नाही.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा रुग्णाच्या बुद्धीला धक्का लागत नाही असे लिहिले होते. हा समज दीर्घकाळ टिकला आणि थरथर, ताठरपणा, मंद चाल एवढ्यावरच सगळ्यांचे लक्ष राहिले. प्रत्यक्षात स्मृतिभ्रंश नसलेल्या रुग्णांपैकीही साधारण चौथ्या हिश्श्यात सौम्य बोधनिक दुर्बलता (विचार-आठवण मंदावते, पण रोजचे व्यवहार बहुतांशी जमतात) आढळते. सिडनीतील एका दीर्घ अभ्यासात आजाराच्या २० वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता.

मध्यमेंदूतल्या काळसर पेशी झिजतात आणि डोपामिन कमी पडते. हालचालींप्रमाणेच मेंदूच्या पुढच्या भागाचे कामही या रसायनावर चालते. त्यामुळे कामाचा क्रम लावणे, एक विचार सोडून दुसरा धरणे, दोन गोष्टी एकदम सांभाळणे जड जाते. पुढे ॲसिटिलकोलिन हे मेंदूतले दुसरे रसायनही घटते आणि आठवण, नजरेचा अंदाज यांवर परिणाम होतो. अल्झायमरशी तुलना केली तर एक फरक ठळक दिसतो. कंपवातात, निदान सुरुवातीला, गोष्ट मनात नोंदलेली असते, ती वेळेवर हाती लागत नाही. पहिले अक्षर सांगितले, थोडा धागा दिला की नाव आठवते. घरात मात्र उलटे घडते. आबांना उत्तर द्यायला वेळ लागतो, तोवर दुसरेच कोणी उत्तर देऊन मोकळे होते. चार वेळा असे झाले की आबा बोलायचेच थांबतात, आणि ‘त्यांना आता काही कळत नाही’ असे ठरून जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रशिक्षणाची पहिली पायरी घरच्यांसाठी आहे: प्रश्न विचारावा आणि मनात दहा आकडे मोजत गप्प राहावे.

सराव कागद-पेन्सिलवर, संगणकावर किंवा गटात होतो. आकडे व अक्षरे आलटून पालटून जोडणे, एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगणे, पत्ते रंगाने लावून मग अंकाने लावणे, आकृती पाहून काढणे असे प्रकार त्यात असतात. पुराव्याबद्दल प्रामाणिक राहिले पाहिजे. सौम्य दुर्बलता किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या कंपवात रुग्णांवरील प्रयोगांचा कॉक्रेन आढावा (अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा) २०२० साली आला. त्यात ७ प्रयोग आणि २२५ रुग्ण होते, सराव ४ ते ८ आठवड्यांचा होता. एकूण बोधनिक क्षमता वाढल्याचा खात्रीचा पुरावा त्यात मिळाला नाही. लहान प्रयोगांत कार्यस्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) आणि विचाराच्या वेगात थोडा फायदा दिसला आहे. म्हणजे ज्याचा सराव करावा त्यात माणूस सुधारतो, तो फायदा रोजच्या जगण्यात कितपत उतरतो हे पक्के ठरलेले नाही. म्हणूनच सराव रोजच्या जगण्यातूनच निवडलेला बरा.

सोलापुरात हा मुद्दा विशेष लागू पडतो. इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू ऐकू येते. पद्मशाली या मूळच्या तेलुगू विणकर समाजातल्या आजी मराठीत व्यवहार करतात, पण बालपणीचे शब्द तेलुगूत असतात. त्यांना ‘क’ वरून मराठी शब्द विचारून अडखळल्या म्हणून गुण कापणे अन्यायाचे आहे. भाषा त्यांची असावी. शिक्षणाचेही तसेच. बोधनिक चाचणीत ठोकळा काढायला, घड्याळाचे काटे दाखवायला सांगतात. ज्या बाईने आयुष्यभर विड्या वळल्या आणि पेन क्वचितच धरला, तिचा त्यातला गोंधळ आजाराचाच असेल असे नाही. तिला हजारी (दर हजार विड्यांमागच्या) मजुरीचा हिशेब विचारावा: आठवड्यात इतक्या विड्या झाल्या, त्यातल्या इतक्या खराब म्हणून छाटल्या गेल्या, हातात किती आले? हे गणित ती कित्येक वर्षे तोंडी करत आली आहे.

मागावर बसलेल्या माणसाकडे तर सरावाचे भांडारच असते. चादरीच्या नक्षीसाठी जॅकार्डची (मागावरच्या नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) भोकांची पुठ्ठी ओळीने लागतात, एक मागेपुढे झाले की फूल बिघडते. जुन्या चादरीचा तुकडा समोर ठेवून नक्षी कुठे उलटते ते शोधणे, रंगीत सूत ठरावीक क्रमाने लावणे, मग तोच क्रम उलटा लावणे: यात लक्ष, आखणी आणि नजरेचा अंदाज तिन्ही कामाला लागतात. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांची (उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक ६८ लिंगांना जाते. डोळे मिटून तिची वाट सांगणे, मध्ये कोणती पेठ लागते ते आठवणे हाही उत्तम अभ्यास आहे. तो नातवंडांसोबत होतो, म्हणून टिकतो.

चालता चालता बोलणे हा कंपवाताचा अवघड घाट. पाय जमिनीला खिळतात ते बहुधा दारात किंवा वळताना, मन दुसरीकडे असताना. फरशीच्या रेघा ओलांडण्यासारखी खूण दिली की पाऊल सुटते. चालताना उलटे आकडे म्हणण्याचा सराव शिकवतात, पण तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आणि शेजारी माणूस असतानाच करावा, नाहीतर पडण्याचा धोका असतो. उभे राहताना रक्तदाब उतरण्याची शक्यता या आजारात असतेच. सोलापूरचा मे महिन्यातला पारा चाळिशीपुढे गेल्यावर ती वाढते, म्हणून फिरणे पहाटेच उरकावे, पाणी पुरेसे प्यावे.

सरावाची वेळ औषधाचा अंमल चांगला असताना ठेवावी. सुरुवात करण्याआधी औदासीन्य, झोप, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावे. थरथरीसाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल वयस्कांची आठवण मंदावू शकते, त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डोपामिनसारखे काम करणाऱ्या काही औषधांनी जुगाराची ओढ लागते, तेव्हा रमी खेळायची तर पैसे न लावता. एकदोन दिवसांत अचानक भ्रम झाला, माणसे ओळखू येईनाशी झाली तर तो लघवीचा संसर्ग किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. अशा वेळी सराव बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

स्मृतिभ्रंश पुढे गेल्यावर गुण मोजणारा सराव थांबवतात. तेव्हा रिव्हास्टिग्मिनसारख्या औषधाचा काहींना उपयोग होतो, आणि सोबतीला गिरणीच्या भोंग्याच्या गोष्टी, ओळखीची भजने, शेंगा सोलणे अशी कामे असतात, ज्यांत चुकण्यासारखे काही नसते.